हौसाईनं पाटी उतरवली नाही

फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधी, निंबखेडीच्या पाटलाच्या मनात आलं की गावाची दोन गावं करावीत. का, तर तळं एकट्या वरच्या आळीला मिळावं. खालच्या आळीला दुसरं पाणी नव्हतं आणि पाटलाला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर.

गाव तोडायचं तर तेव्हाही कायदा होता. आधी आळीआळीत दवंडी, मग साऱ्या गावाची बैठक, मग शिवेची माती डोक्यावर घेऊन नवी हद्द चालायची. चालणाऱ्यानं आपल्या हातानं मातीची पाटी खाली ठेवली की हद्द पक्की. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही.

पाटलानं दवंडी पिटली ती स्वतःच्या घराभोवती. बैठक भरवली ती खालची आळी बाजाराला गेली त्या दिवशी. सरकारी अंमलदारानं मान डोलावली. लाज कुणालाच वाटली नाही.

हद्द चालायचा मान वेसकराच्या घराचा, आणि त्या घरात उरली होती एकटी म्हातारी हौसाई. पाटलाला वाटलं, बरंच झालं, थकेल आणि सांगू तिथं पाटी टेकवेल.

हौसाई निघाली. तळ्याच्या खालच्या काठाला पाटील म्हणाला, ठेव इथंच. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

“ज्येंचं पानी तोडताय, त्येंच्या कानावर तरी घातलंसा का? पाटी म्या खाली ठिवनार न्हाई.”

आणि ती चालतच राहिली. असं म्हणतात, ती गावाभोवती फिरत राहिली, पाऊस आला, थंडी आली, पाटीतल्या मातीत जोंधळा उगवला आणि चिमण्यांनी तो खाल्ला. खालच्या आळीतल्या बाया चालता चालताच तिला घास भरवत. पाटील धमकावून दमला, अंमलदाराची बदली झाली. असं म्हणतात, शेवटी ती चालता चालताच दिसेनाशी झाली. पाटी ठेवताना मात्र तिला कुणीच पाहिलं नाही, म्हणून गाव अजून एकच आहे.

एका म्हातारीनं हाडं झिजवली, कारण धडधाकट माणसांना खालच्या आळीत जाऊन डफ वाजवायचा नव्हता. मला याचा अजून संताप येतो.

आजही निंबखेडीत ग्रामसभेची दवंडी हौसाईचं नाव घेऊन खालच्या आळीच्या शेवटच्या घरापासून सुरू होते. पाटलांच्या दारात ती सगळ्यांत शेवटी पोचते. त्यांची नातवंडं कुरकुरतात की आम्हाला उशिरा कळतं.

उशिरा का होईना, कळतं तरी.