दोन आणि तीनच्या मध्ये

"त्याच्यात असं काय आहे उस्ताद, जे माझ्यात नाही?"

केरबा अंगणात उभा राहूनच विचारत होता. पायातली चप्पल काढली नव्हती. उस्तादांच्या बायकोने, चाचींनी, दोनदा बस म्हटलं, तरी बसला नव्हता.

बाबालाल उस्ताद ओट्यावर लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. हात कापत होते, त्यामुळे एकेका पाकळीला फार वेळ लागत होता.

तासगाव रस्त्याला उस्तादांचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. पण हात कापायला लागले तसे ते घरी बसले आणि गॅरेज दोन शिष्यांवर आलं. केरबा अकरा वर्षांचा जुना. सर्जा आला त्याला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती.

आणि गेल्या शुक्रवारी उस्तादांनी गॅरेजची चावी सर्जाच्या हातात ठेवली होती. केरबाच्या डोळ्यांदेखत.

तेव्हापासून केरबाला अन्न गोड लागेना. सर्जा कुणाशी बोलताना हसला, की हा आपल्यालाच हसतोय असं त्याला वाटे. सर्जाने पाना पुसून जागेवर ठेवला तरी याच्या पोटात दुखे. एक म्हातारं गिऱ्हाईक दारातून आत डोकावून, सर्जा मिस्त्री कुठाय, असं म्हणालं. मिस्त्री! केरबाला तो शब्द मिळायला सात वर्षं लागली होती.

आज तो बायकोला सांगूनच निघाला होता. चावी मिळाली तर मिळाली. नाहीतर उद्यापासून सांगलीच्या एका शोरूममध्ये. तिथं त्याची जागा पक्की झाली होती.

हे सगळं त्याने उस्तादांना एका दमात सांगून टाकलं.

"माझी गाडी मिसिंग मारतीय," उस्ताद म्हणाले. "जाणारच हाईस, तर तेवढी बघून जा."

केरबाने एकदा दाराकडे वळून पाहिलं.

"बघतोस न्हवं?"

गाडी लिंबाखाली उभी होती. उस्तादांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी आलेली, गोल दिव्यांची. केरबाने बाह्या सारल्या आणि ती चालू केली. इंजिन लंगडत होतं. सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी हादरत होती आणि सायलेन्सरमधून मधूनच फटका निघत होता. चार सिलिंडरांपैकी कुठेतरी पेट्रोल पेटत नव्हतं, एवढं तर कुणीही सांगितलं असतं. कुठं, ते शोधायचं होतं.

त्याने कोरडं फडकं हाताला गुंडाळलं आणि प्लगच्या वायरी एकेक करून उपसायला घेतल्या. ही उस्तादांचीच रीत. ज्याची वायर काढल्यावर इंजिन कासावीस होतं, तो सिलिंडर कामाचा. ज्याची काढूनही काही फरक पडत नाही, तो आधीच मेलेला.

एक नंबरची काढली. इंजिन बंदच पडलं. पुन्हा चालू केलं. दोनची काढली, काही फरक नाही. तीनची, काही फरक नाही. चारची काढली, पुन्हा बंद.

म्हणजे दोन आणि तीन. शेजारी शेजारी.

त्याने ते दोन्ही प्लग खोलले. टोकं पेट्रोलने ओली होती. प्लग वायरीला जोडून इंजिनच्या अंगाला टेकवले आणि चाचींना आतून चावी फिरवायला लावली. दोन्हीकडे ठिणगी पडली, निळी, कडक.

केरबा सरळ उभा राहिला. त्याची नजर सिलिंडरांवरच्या जाड झाकणावर, हेडवर गेली.

"उस्ताद, हेड कुणी काढलं होतं हिचं?"

"सर्जानं. गेल्या महिन्यात."

केरबाच्या छातीत काहीतरी गोड गोड पसरलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

त्याने फडक्याला हात पुसत सावकाश सांगितलं. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी शेजारचे दोन सिलिंडर मेलेत. म्हणजे हेडखालचं पातळ गॅस्केट त्या दोघांच्या मधे फाटलंय, एकाचा दाब दुसऱ्यात जातोय. हेडचे नट ज्याने आवळले त्याने घाई केली. नट मधून सुरू करून कडेला जात आवळायचे असतात, ते तीन वर्षांत कसं कळणार? मग त्याने सर्जाच्या आणखी चार चुका सांगितल्या. एका रिक्षाचा क्लच. एका डॉक्टरांच्या गाडीचे ब्रेक. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितल्या.

उस्ताद लसूण सोलत ऐकत होते.

"मी खोलतो हेड," केरबा म्हणाला. "तुमच्या डोळ्यांनीच बघा."

त्याने पेटीतून पाना काढला, पहिल्या नटाला लावला आणि जोर द्यायला खांदा वाकवला.

"अंगठा लावलास?"

पाना तिथंच थांबला.

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि पुढून हँडलने इंजिन फिरवायचं. दाब असेल तर अंगठा उडतो. गॅरेजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात उस्ताद हे शिकवायचे. हेड खोलण्याआधी अंगठा लावल्याशिवाय केरबा कधी पुढे गेला नव्हता. आजपर्यंत.

"लावायची गरज नाही उस्ताद. कळतंयच की…"

उस्ताद उठले. ओट्याची पायरी धरून उतरले, डिकीतून हँडल काढलं आणि स्वतः गाडीपुढे उकिडवे बसले. त्या कापऱ्या हातांकडे बघून केरबा पुढे झाला, पण त्यांनी मानेनेच त्याला त्याची जागा दाखवली.

केरबाने दोन नंबरच्या भोकावर अंगठा दाबला.

उस्तादांनी हँडल ओढलं.

फट्. अंगठा उडाला.

तीन नंबर.

फट्.

गॅस्केट शाबूत होतं. सर्जाने आवळलेला एकेक नट जिथल्या तिथं होता.

"पेट्रोल हाय," उस्ताद धापा टाकत म्हणाले. "ठिणगी हाय. दम हाय. मग?"

केरबाला घाम फुटला. तो वाकून बघत राहिला. कॉइल बघितली, कार्बोरेटर बघितला. पुष्कळ वेळाने त्याने एका वायरीवर बोट ठेवलं आणि ते बोट प्लगपासून मागे नेत नेत, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीपर्यंत आणलं. मग दुसरीवर ठेवलं.

टोपीपाशी दोनची वायर तीनच्या जागी होती. तीनची दोनच्या.

सिलिंडर ओळीने उभे असतात, पण ओळीने पेटत नाहीत. आधी एक, मग तीन, मग चार, मग दोन. ठिणगी दोघांनाही मिळत होती, एकाची दुसऱ्याला. त्याचा उपयोग दोघांनाही होत नव्हता.

"वायरी उलट्या बसवल्यात," केरबा पुटपुटला. "हे पण सर्जानंच…"

"सर्जा परवापासून गावाला हाय. सकाळी मी बदलल्या."

घरातून चाचींचा आवाज आला. "तू येणार कळल्यापास्नं बॉनेट उघडून बसलेत. मला म्हणाले, बघ तू, माझ्या हेडला पाना लावतोय का न्हाई."

केरबाची मान खाली गेली. वाटलं, असंच चालत निघावं, पेटीसुद्धा घेऊ नये…

पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"सर्जानं ओळखलं असतं?"

उस्तादांनी पाना उचलून पेटीत टाकला. "वायरी लाव," एवढंच म्हणाले.

केरबाने प्लग बसवले, वायरी ज्याच्या त्याच्या जागी लावल्या आणि गाडी चालू केली. हादरा गेला. फटका गेला. इंजिन एका सुरात चालू लागलं. लिंबावरची एक खार खाली आली आणि गाडीच्या मागच्या चाकाजवळून बिनधास्त निघून गेली.

दोघे उघड्या बॉनेटपाशी उभे राहिले.

शोरूमचा माणूस संध्याकाळी निरोपाची वाट बघणार होता. केरबाने हात पुसले, पुन्हा पुसले. मग खाली बघत म्हणाला, "एवढं एकच सांगा, उस्ताद. त्याच्या आधी मी आलो. आठ वर्षं आधी. मग माझा नंबर त्याच्या मागं कसा?"

उस्तादांनी त्याचा हात मनगटापाशी धरून ओढला आणि गरम होत चाललेल्या इंजिनवर ठेवला. आपल्या दुसऱ्या हाताचा कापणारा तळवा त्याच्या डोळ्यांवर धरला. तळव्याला लसणाचा वास येत होता.

इंजिन चालत होतं…

"आता ऐकून सांग," उस्ताद म्हणाले. "यातला शेवटचा सिलिंडर कुठला?"