घंटा, शंख आणि राणीचं गाणं

एका राज्यात निळोपंत नावाचे एक गणिती होते. माणूस भला, पण डोक्यात थोडी हवा गेलेली. कोणत्याही कामाची रीत ऐकली, की ते कधीतरी संपेल की कायमचं चालू राहील, हे आपण बसल्या जागी सांगतो, असं ते म्हणत. राजाला हे भारीच आवडलं. त्यानं नियमच केला. पंतांनी घंटा वाजवली, तर काम संपणार, खुशाल करा. शंख फुंकला, तर ते संपणार नाही, बंद करा.

राणी गुणवंतीच्या माहेरी विहीर खणायचं काम चाललं होतं. गावात पाण्याचे फार हाल. 'पाणी लागेपर्यंत खणायचं' ही रीत ऐकून पंतांनी शंख फुंकला. झालं! खणणं थांबलं. बायका पुन्हा डोंगर उतरून पाणी आणू लागल्या.

माहेरच्या बायकांचे हाल राणीला पाहवेनात. ती होती मुलखाची हट्टी. दरबारात येऊन म्हणाली, "पंत, मी गाणार आहे. रीत अगदी सोपी. तुम्ही घंटा वाजवलीत, तर गातच राहणार. शंख फुंकलात, तर तिथंच थांबणार. सांगा, माझं गाणं संपेल की नाही?"

पंतांनी घंटेला हात घातला आणि दचकून मागे घेतला. "वाजवली तर हे संपायचंच नाही!" मग शंख ओठांना लावला. "अरेच्चा, फुंकला तर लगेच संपेल!" पुन्हा घंटा, पुन्हा शंख. राजाची हसून हसून पगडी घसरली.

पण पंत हाडाचे गणिती. एकाएकी त्यांचा चेहरा खुलला. "वा, राणीसाहेब! काय सुंदर कोडं घातलंत! याचं खरं उत्तर मला देताच येणार नाही."

"आणि विहिरीचं?"

पंत ओशाळले. "तेही ठाऊक नव्हतं. ठोकून दिलं."

राजानं तिथल्या तिथं नियम मोडीत काढला. पंत स्वतः फावडं घेऊन त्या गावी गेले.

"पंत, पाणी लागेल का हो?" गावकरी विचारत.

"माहीत नाही! खणू या!" पंत आनंदानं ओरडत.

एका सकाळी तळातून पाणी उसळलं. बायका नाचू लागल्या. पंत चिखलातच बसकण मारून खदखदून हसले. राणीनं गाणं सुरू केलं. ते कधी संपेल, हे पंतांना कुणीही विचारलं नाही.

तात्पर्य: काही कामं संपतील की नाही, हे कितीही हुशार माणसाला आधी सांगता येत नाही. अशा वेळी मोकळेपणानं 'माहीत नाही' म्हणावं आणि कामाला लागावं.