कातरीनबायच्या पायऱ्या

"देवळात पाऊल टाकायचं नाही आणि मेल्यावर देवळाच्या अंगणात जागा पाहिजे काय?" देवळाचा कारभार बघणारा बस्त्याव मुकादम खाडीच्या पायऱ्यांवर उभा राहून गरजत होता. "मान्वेलशेजारी पुरणार नाही तुला! बांधावर पुरू, बांधावर!"

"ओरड, बाबा, ओरड," खाली होडीतून कातरीनबाय म्हणाली. "तुला बाप्तिस्म्याला ह्याच होडीतून आणलं, तेव्हाही असाच बोंबलत होतास."

रविवारचा मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, नुकताच सुटला होता. माणसं हसली. मुकादम आणखी भडकला.

ही फार जुनी गोष्ट, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. अलीकडे वाडी, पलीकडे देऊळ. चर्चला तेव्हा देऊळच म्हणत. मधे कातरीनबायची होडी. नवरा मान्वेल तापानं गेला. मागे अंथरुणाला खिळलेला सासरा, चार पोरं आणि ही होडी. पहाटे भाजीच्या पाट्या, दुपारी केळीचे घड, संध्याकाळी बाजारकरी. रविवारी अख्खी वाडी ती मिस्साला पोचवायची, आणि स्वतः मात्र होडीतच.

का? अहो, ओहोटीला पाणी भराभर उतरतं. होडी जागच्या जागी सोडली तर चिखलात रुतणार, आणि वाडी बसणार संध्याकाळपर्यंत उपाशी! म्हणून वर घंटा वाजे, तेव्हा खाली ती बांबूनं होडी खोल पाण्याकडे सरकवत राही, ओठांत प्रार्थना. भरतीच्या रविवारी उशिरा उठणाऱ्यांच्या खेपा. त्या उशिरा उठणाऱ्यांत मुकादम पहिला! पण त्याला कोणी विचारलं का? छे! पुढच्या बाकावर बसणाऱ्याला कोण विचारतं?

लोक तिला 'बिचारी' म्हणत, त्या शब्दाची तिला भारी चीड. कसली बिचारी? असं म्हणतात, की वल्हं मारताना तिचं तोंड इतकं शांत असे, की भांडत चढलेले नवरा-बायको पलीकडे पोचेस्तोवर गप्प होत. एकच इच्छा होती तिची, मान्वेलच्या शेजारची माती. तेवढीच मुकादमानं हिरावायला काढली होती.

"दिवसभर नुसती धावतेस," तो म्हणाला. "देवासाठी घटकाभर नाही तुझ्याकडे. देव कशाला येईल तुझ्याजवळ?"

हे मात्र तिला सहन झालं नाही. तिनं बांबू टाकला आणि तरातरा पायऱ्या चढून त्याच्या तोंडासमोर उभी राहिली.

"बाय, होडी!" बायका ओरडल्या. "होडी रुतेल गं!"

असं म्हणतात, की बघता बघता खाडी आटली. मासेमारीच्या होड्या चिखलात कलंडल्या. पण कातरीनबायच्या होडीखालचं पाणी जागचं हललं नाही. होडीपुरतंच पाणी, आणि त्यावर ती होडी पाळण्यासारखी संथ झुलत होती.

हे बघूनही मुकादमाचा आवाज काही खाली येईना. "कोण आहे? कोण आहे त्या होडीत?"

आता तिथं पूल आहे. कातरीनबायला मान्वेलशेजारीच पुरलं, आणि खांदा द्यायला वाडीत चढाओढ लागली. आजही त्या देवळात ख्रिस्तप्रसाद आधी दाराबाहेर नेतात: रडतं पोर जोजवणारीला, रखवालदाराला, सणाच्या चुलीशी उभ्या आचाऱ्याला. पुढच्या बाकांना सगळ्यांत शेवटी. बसू दे त्यांना वाट बघत! आणि खाडीच्या त्या पायऱ्यांवर कोणी आवाज चढवत नाही. मासळीचा भावसुद्धा तिथं कुजबुजत ठरतो, दारुड्यांचं गाणंही तिथं आलं की थांबतं. कारण त्या दिवशी कातरीनबाय मुकादमाच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाली,

"हळू बोल, बस्त्यावा. पहाटेपासून माझ्यासंगं वल्हं मारून दमलाय तो; आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."