‘क्वाल्के’चं एकवचन

"पण फादर, अर्थ अनेकांचा असेल, तर नाम एकवचनी कसं?"

ब्रदर बस्त्याव रुमाव जरा चिडूनच विचारत होता. वसईच्या त्या सेमिनरीत लॅटिनमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता तो पुढे शिकायला रोमला निघाला होता. आणि म्हाताऱ्या फादर मच्याडोंनी त्याच्या इटालियनमध्ये चूक काढली होती.

"इटालियनची रीत आहे ती," फादर म्हणाले. "क्वाल्के म्हणजे काही. एकाहून जास्त. पण त्याच्यापुढे नाम येतं ते एकवचनीच. क्वाल्के दोन्ना, काही बायका. तू दोन्ने म्हणालास, अनेकवचन."

"मी? कधी?"

"सकाळी, व्हरांड्यात. रोमच्या पाहुण्यांनी तुला विचारलं, ह्या कोण?"

बस्त्यावनं पुढ्यातलं पुस्तक मिटलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"गावातल्या काही बायका... येतात अधूनमधून, सुकेळी घेऊन."

"अनेकवचनच हवं होतं, तर आल्कूने दोन्ने म्हणायचं. ते बरोबर झालं असतं." फादरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "व्याकरणानं."

"किती बायका होत्या, बस्त्याव?" त्यांनीच पुढे विचारलं.

त्याला सकाळचा व्हरांडा आठवला. लाल लुगडं, रापलेला चेहरा, डोक्यावरून नुकतीच उतरवलेली पाटी. मुलगा आपली ओळख करून देतोय असं वाटून तिनं पाहुण्यांना हात जोडले होते. तोंड भरून हसली होती.

"एक."

"कोण?"

"आई. माझी आई, फादर."

फादरांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तिला इटालियन येत नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "तिला काही कळलंच नाही..."

बोलता बोलताच त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग त्यानं विचारलं, "गेली का ती?"

फादर उठले. त्यांनी दार उघडलं. जेवणघरातून ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"मी तिला जेवायला थांबवून घेतलंय. पाहुण्यांच्या शेजारी बसलीय. तिला त्यांना आपल्या मुलाबद्दल सांगायचंय... चल, दुभाषी कोणी नाही."