पळसाच्या पानावरचा पुरस्कार

जनावरं सभा भरवायची आणि ठराव लिहून ठेवायची, त्या काळातली ही गोष्ट. टिटवीने वेळेवर ओरडून अख्खा माळ वणव्यातून वाचवला होता, म्हणून तिला पुरस्कार द्यायचं ठरलं. नियम असा की एका पुरस्काराला पळसाचं एकच पान. वर पुरस्काराचं नाव, खाली मानकऱ्याचं. पिलांना आपलं नाव दाखवायचं म्हणून टिटवी सकाळपासून येऊन बसली होती.

घुबडअण्णांनी चोचीने "पुरस्कार" एवढंच कोरलं.

"नुसता पुरस्कार? आमच्या आजोबांचं नाव कुठंय?" मोर फणकारला. कोल्ह्याला सुरुवातीला साल हवं होतं. मग "अखिल माळरान" आलं, "स्मृती" आलं, आणि "गौरव" की "सन्मान" यावर तर दुपार उलटली.

"अहो, पण मी..."

"थांबा हो टिटवीबाई, तुमचंच काम चाललंय ना!"

ऊन कलताना पान देठापर्यंत भरलं.

"आणि माझं नाव?" टिटवीने विचारलं.

"जागाच उरली नाही हो," घुबडअण्णा म्हणाले. "मागच्या बाजूला लिहायची आपल्यात पद्धत नाही. पण पुरस्काराचं नाव कसं भारदस्त झालंय!"

टिटवी पिलांकडे परतली.

आठवड्याने पुन्हा धूर दिसला आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली. घुबड, मोर, कोल्हा, सगळे पान तिथंच टाकून पळत सुटले. त्या ओरडण्याला काय म्हणायचं, हे मात्र त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.