हट्टी चोक

गाड्यांचे भाग आपसात भांडायचे आणि माणसांना त्याचा पत्ता नसायचा, त्या काळी एका मोटारसायकलचा मालक जनूदादा वारला. गाडी त्याची बायको सुमन चालवू लागली. थंड असताना गाडी झकास सुटायची, पण गरम झाली की काळा धूर ओकत चढावर बंद पडायची. शेवटी सुमन वैतागली. "आज बंद पडलीस, तर उद्या भंगारात."

प्लग कार्बोरेटरवर भडकला. "किती पेट्रोल पाजतोस? माझं तोंड बघ, तव्याचं बूड झालंय."

"मला हवाच मिळत नाही. त्या चोकला विचार."

चोक हवेच्या वाटेत आडवा बसला होता. थंड गाडी सुरू होईपर्यंतच त्याचं काम, पण तो हलायलाच तयार नव्हता. "दादानं शेवटची गाडी काढली, त्या सकाळी मला ओढलं. आता तोच येऊन सोडेल."

"दादा मेला, गाढवा," प्लग म्हणाला. "आणि तू त्याच्या गाडीचा गळा दाबून बसलायस."

चोकनं पकड आणखी घट्ट केली. चढ आला, गाडी खोकू लागली, तशी सुमननं एक शिवी हासडली. शिवी अगदी दादाचीच होती. चोक फिसकन हसला, आणि हसता हसता त्याची पकड सुटली.

गाडी चढ चढून गेली.