त्र्यंबक चर्चेला आला

“मग माझं चुकलं कुठे, शास्त्रीबुवा?” त्र्यंबकाने विचारलं.

वैद्य वासुदेवशास्त्री खलात सुंठ कुटत होते. कुटतच राहिले.

त्र्यंबक म्हणजे त्यांच्या पाठशाळेतला सगळ्यांत हुशार शिष्य. ग्रंथ मुखोद्गत, जीभ धारदार. रोज दुपारी शास्त्रीबुवा एखाद्या रोग्याची हकिगत चौघा शिष्यांपुढे ठेवत आणि त्र्यंबक बघता बघता बाकी तिघांना गप्प करी. भिवा गुरवाच्या पोटदुखीचा निकालही त्यानेच लावला होता. वात. औषध सुरू होऊन बारा दिवस झाले. गुरव आता अंथरुणावरून उठत नव्हता, म्हणून काल पुन्हा त्याचीच चर्चा झाली होती.

“काल नागेश काय म्हणाला?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“नागेश? तो... चुकीचंच काहीतरी.”

“काय?”

“आठवत नाही.”

“आणि हरबा?”

त्र्यंबकाने मान खाली घातली.

“म्हणजे काल तू चर्चेला आला नव्हतास.”

“सगळा वेळ मीच तर बोलत होतो!”

“तेच म्हणतोय.”

शास्त्रीबुवांनी बत्ता बाजूला ठेवला. “आज आधी दुसऱ्याचं म्हणणं तू सांग. त्याने ‘हो, हेच’ म्हटलं, की मग पुढे जा.”

दुपारी चौघे बसले. त्र्यंबकाच्या ओठांवर श्लोक आला होता. त्याने तो गिळला.

“नागेश, काल मी तुला मध्येच तोडलं. काय सांगत होतास?”

नागेशने आधी शास्त्रीबुवांकडे पाहिलं, मग सांगितलं.

“म्हणजे गुरवाच्या हिरड्यांवर काळी रेघ आहे?”

“काळी नाही. निळसर.”

“निळसर.”

“हो, हेच.”

हरबा म्हणाला, मागे गुरव बहिणीच्या गावी गेला होता, तेव्हा महिनाभर ठणठणीत होता. त्र्यंबकाने तेही नीट परत सांगून दाखवलं.

उरला शिवराम. तो कधीच बोलत नसे.

त्र्यंबक थांबला. थांबणं त्याला सगळ्या पाठांतराहून जड गेलं...

“गुरव देवाला शेंदूर लावतो,” शिवराम अखेर म्हणाला. “आणि त्याच हाताने भाकर खातो. मी पाहिलंय.”



पाठ केलेलं एक पान त्र्यंबकाच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं.

“शेंदूर शिशाचा असतो,” तो हळूच म्हणाला. “शिसं पोटात जात राहिलं, की असाच मुरडा येतो.”

तिघेही एकदमच बोलू लागले. त्या दिवशी पहिल्यांदाच पाठशाळेत गलका झाला, आणि त्र्यंबकाला तो गोड लागला.

गुरवाचा शेंदूर सुटला, औषध बदललं. महिन्याभराने तो नारळ घेऊन आपल्या पायांनी पाठशाळेची पायरी चढला. चौघे धावत सामोरे गेले.

गुरव गेल्यावर त्र्यंबक शास्त्रीबुवांजवळ थांबला.

“तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं ना?”

शास्त्रीबुवा हसले.

“ठाऊक असतं, तर चौघांना कशाला बसवलं असतं?”